ताटाच्या कडेला

इंग्रजी कादंबऱ्यांमध्ये ‘ग्रिसल’ हा शब्द बहुतेक वेळा ताटाच्या कडेलाच भेटतो. कुणीतरी तोंडातला घास बराच वेळ चघळत राहतं, मग इकडेतिकडे बघत तो हळूच रुमालात काढतं, नाहीतर सुरीच्या टोकाने तुकडा बाजूला सारतं. बोर्डिंग शाळेचं जेवण असेल तर हा शब्द येणारच. स्वस्त खाणावळ, लष्करी मेस, तुरुंग, इस्पितळ इथेही त्याची हजेरी ठरलेली. श्रीमंतांच्या मेजवानीकडे मात्र तो सहसा फिरकत नाही. यजमानाची परिस्थिती किंवा दानत सांगायची असली की लेखक फार शब्द खर्च करत नाही, पाहुण्याच्या दाताखाली ग्रिसल येऊ देतो आणि त्याचं काम भागतं.

शब्दकोशात अर्थ दिलेला असतो ‘कूर्चा’. तो बरोबर आहे, पण खाणाऱ्याच्या फारसा उपयोगाचा नाही. जेवताना इंग्रज माणूस ज्याला ग्रिसल म्हणतो त्यात कूर्चा येते, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी येते, दोन स्नायूंच्या मधला पांढरा पडदा येतो, कधी नुसतीच शीर असते. ज्याच्यापुढे दाताचं काही चालत नाही ते सगळं एका शब्दात. आपल्याकडे मटणाच्या दुकानात हेच वेगवेगळं मागितलं किंवा टाळलं जातं. ‘कुरकुरीत हाड टाका जरा’ म्हणून बरगडीचं टोक मागून घेणारं गिऱ्हाईक पुढच्याच वाक्यात ‘तो पडदा काढा’ म्हणतं. आणि घरी गेल्यावर तक्रार होते ती ‘मटण वातड निघालं’ अशी. ही तक्रार एखाद्या तुकड्याबद्दल नसते. ती अख्ख्या बोकडाबद्दल असते, आणि बहुधा ज्याने ते मटण आणलं त्याच्याबद्दल.

इंग्रजीत हा शब्द फार जुना, अँग्लो-सॅक्सन काळापासूनचा. ‘कार्टिलेज’ नंतर लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला आणि वैद्यांनी तो उचलला. तेव्हापासूनची वाटणी अशी, की माणसाच्या गुडघ्यात असतं ते कार्टिलेज आणि मेंढीच्या गुडघ्यात शिजतं ते ग्रिसल. यॉर्कशरच्या बोलीत या शब्दाला एक वाह्यात अर्थही आहे आणि सत्तरच्या दशकात एका इंग्लिश वाद्यवृंदाने त्याच अर्थाने तो आपल्या नावात घेतला. त्यांचं संगीत मी थोडं ऐकलं आहे. ते चावत नाही, एवढं म्हणून पुढे जाते.

या शब्दाला मानाचं पान वाढलं ते एडमंड बर्कने. वॉरन हेस्टिंग्जवर पुढे महाभियोग चालवणारा तोच बर्क. २२ मार्च १७७५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात तो अमेरिकन वसाहतींशी समेट करा असं सांगायला उभा राहिला. भाषण लांबलचक होतं, पण त्यातला देवमाशांच्या शिकारीचा भाग आजही वाचताना अंगावर येतो. न्यू इंग्लंडचे हे कोळी उत्तरेला हडसनच्या उपसागरातल्या बर्फात शिरतात, दक्षिणेला फॉकलंड बेटांपर्यंत जातात, आफ्रिका आणि ब्राझीलच्या किनाऱ्यांजवळ देवमाशांचा पाठलाग करतात, आणि हे लोक तर अजून ग्रिसलच्या अवस्थेत आहेत, त्यांचं हाड अजून धरायचं आहे, असं त्याचं म्हणणं. कोवळेपणीच ज्यांची ही धमक, ते पुरुष झाल्यावर काय करतील याचा विचार सभागृहाने करावा, हा त्यातला इशारा. सभागृहाने तो केला नाही. बर्कचे ठराव बहुमताने फेटाळले गेले आणि महिन्याच्या आत, १९ एप्रिलला, लेक्झिंग्टनला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या गोळ्या झाडल्या गेल्या.

राजकारणाचं राहू द्या, बर्कचं शरीरशास्त्र पक्कं होतं. गर्भात हातापायांची हाडं तयार होतात ती आधी कूर्चेची. हाडाचा सगळा आकार, डोकं, मान, सांधा, मऊ कूर्चेत घडलेला असतो आणि दुसऱ्या महिन्यानंतर त्यात हळूहळू चुना भरत जातो. ते काम जन्मानंतरही चालूच राहतं. नातवाला तेल लावताना मी त्याच्या गुडघ्यावर अंगठा फिरवायचे तेव्हा तिथे वाटी म्हणावी असं काही हाताला लागायचं नाही. एक सरकणारी, गुळगुळीत, दाबली तर दबेल असं वाटणारी चकती असायची. गुडघ्याची वाटी त्या वयात असतेच कूर्चेची. तिथे हाड धरायला तीन-चार वर्षं तरी लागतात. लांब हाडांच्या टोकांशी तर कूर्चेचा एक थर विशीच्या आसपासपर्यंत शिल्लक असतो आणि माणूस उंच होतो तो त्या थराच्या जिवावर. मग तो थर हाडात मिसळून जातो आणि उंची थांबते. कान, नाकाचा शेंडा, सांध्यांमधली गादी, छातीच्या पिंजऱ्याची पुढची टोकं अशा मोजक्या जागा कोवळेपणाची आठवण म्हणून राहतात. दुकानात मागून घेतलेलं कुरकुरीत हाड म्हणजे बोकडाच्या छातीच्या पिंजऱ्यातली हीच टोकं.

तर मग अशा मूळ पुरुषाची ताटाच्या कडेला रवानगी का झाली? इंग्लंडपुरतं बोलायचं तर त्यात रेशनचा हात मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४० मध्ये तिथे मांसाचं रेशनिंग सुरू झालं आणि ते संपायला जुलै १९५४ उजाडला. युद्ध संपून नऊ वर्षं झाली होती. साखर, लोणी, चहा वजनावर मिळे, मांस मात्र किमतीवर. सुरुवातीला मोठ्या माणसाला आठवड्याला एक शिलिंग दहा पेन्सचं, पुढे त्याहूनही कमी. एवढ्या पैशांत कमरेजवळचा मऊ तुकडा घेतला तर तो एका जेवणात संपे. नडगीचं, मानेचं, छातीचं घेतलं तर घरभर पुरे. सरकारचं गणित चोख होतं. घरातल्या बाईचं गणित वेगळं. नडगी तीन-चार तास मंद आचेवर ठेवायला कोळसा हवा आणि चुलीपाशी माणूस हवं. कोळसा दुर्मीळ, आणि बाई कारखान्यात. त्याच काळात १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळांमध्ये दुपारचं जेवण देणं बंधनकारक केलं. पुष्कळ ठिकाणी ते मध्यवर्ती स्वयंपाकघरात शिजून डब्यांतून शाळेत पोहोचायचं. ताट साफ केल्याशिवाय उठायचं नाही हा नियम. त्या पिढीतल्या इंग्रजांनी लिहिलेल्या बालपणीच्या आठवणी वाचा. कुणी ते तुकडे खिशात भरायचं, कुणी मोज्यात. साठ वर्षांनीही त्यांना त्या मांसाचा रंग आठवतो. त्यांच्या ग्रिसलमध्ये जी किळस आहे ती मला वाटतं तिथली आहे. जनावर त्यात नाहक बदनाम झालं. काय खाल्लं जाईल आणि काय थुंकलं जाईल हे जनावराच्या अंगापेक्षा घरातलं सरपण आणि फुरसत यांवर ठरतं.

कारण त्याच देशात रेशनच्या शंभर वर्षं आधी लंडनच्या रस्त्यांवर शिजवलेले मेंढीचे पाय विकले जात. हेन्री मेह्यूने लंडनच्या गरिबांवर लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात त्या विक्रेत्यांना वेगळी जागा दिली आहे. आजाऱ्याला वासराच्या पायांची जेली देणं हा व्हिक्टोरियन घरातला नेम होता. लँकेशरमध्ये गायीच्या खुरांचा पाय व्हायचा, म्हणजे कणकेच्या पारीत भाजलेला तो इंग्लिश ‘पाय’. आपल्याकडच्या पायाशी त्याचा नावापुरताही संबंध नाही, पण भांड्यात उतरणारा चिकटपणा अगदी तोच.

आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे प्रेशर कुकर. आपल्या घरात शिट्ट्या मारणाऱ्या या भांड्याचा शोध वरणभातासाठी लागलेला नाही. डेनिस पापँ हा फ्रान्समधला प्रोटेस्टंट, लंडनला येऊन रॉबर्ट बॉइलच्या हाताखाली काम करणारा. १६७९ साली त्याने रॉयल सोसायटीसमोर एक जाड धातूचं भांडं मांडलं. झाकण स्क्रूने घट्ट आवळलेलं, आत वाफ कोंडलेली. १६८१ मध्ये त्याने त्यावर पुस्तक काढलं आणि त्याच्या नावातच सांगून टाकलं की हे यंत्र हाडं मऊ करण्यासाठी आहे. गरिबांना फेकून दिल्या जाणाऱ्या हाडांतून, शिरांतून पोटाला आधार मिळावा, तोही थोड्या इंधनात, अशी त्याची धडपड होती. भांडं फुटू नये म्हणून त्याने झाकणावर एक झडप बसवली आणि ती दाबून धरायला दांडीवर वजन टांगलं. वाफ जास्त झाली की वजन उचललं जायचं. आपल्या कुकरची शिट्टी त्या वजनाची नात.

एप्रिल १६८२ मध्ये सोसायटीच्या काही सभासदांना या भांड्यातलं जेवण वाढण्यात आलं. जॉन इव्हलिन हा रोजनिशीकार त्या पंगतीला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की गायीची आणि मेंढीची कठीणातली कठीण हाडं चीजसारखी मऊ झाली होती, रस्सा अमाप सुटला होता, आणि हाडांची जेली इतकी स्वच्छ व चवदार त्याने पूर्वी कधी खाल्ली नव्हती. कोळसा लागला आठ औंसाहूनही कमी. म्हणजे पाव किलोच्या आतच. मला त्या नोंदीतला हा कोळशाचा आकडा सगळ्यात आवडतो. जेवायला बसलेला गृहस्थ इंधन किती लागलं याची चौकशी करतो, हे फार थोड्या घरांत घडतं.

आपल्याकडे मटणाला किती शिट्ट्या द्यायच्या हा घराण्याचा प्रश्न असतो. माहेरच्या शिट्ट्या वेगळ्या, सासरच्या वेगळ्या, आणि दोन्हीकडच्या बायका आपला आकडा सोडत नाहीत. खरं तर शिट्ट्या मोजून काही कळत नाही. कुकरमध्ये पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं आणि त्या तापमानाला ते किती वेळ राहिलं एवढाच मुद्दा असतो. पण ‘वीस मिनिटं बारीक गॅसवर’ याला शिट्टीची शान नाही.

आत काय होतं ते समजायला जग १९५४ पर्यंत थांबलं, आणि उत्तर आलं ते मद्रासहून. पडदा, शीर, कूर्चा, कातडी, या सगळ्यांचा ताणा एकाच प्रथिनाचा असतो, कोलॅजेन. त्याची रचना कशी असेल यावर युरोप-अमेरिकेत बडी बडी मंडळी डोकं खपवत होती. मद्रास विद्यापीठातले जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी क्ष-किरणांची चित्रं तपासून ‘नेचर’मध्ये रचना मांडली आणि पुढच्या वर्षी ती सुधारून घेतली. तीन धागे, प्रत्येकाला स्वतःचा पीळ, आणि तिन्ही मिळून पुन्हा एकमेकांभोवती पीळ घेतलेले. ही सरळ तिपेडी वेणी आहे. चित्रं स्वच्छ यावीत म्हणून त्यांनी वापरलेला नमुना होता कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाचा. इंग्रज माणसाने ताटाच्या कडेला सारला असता असा तुकडा.

साठ-पासष्ट अंशांच्या पुढे ही वेणी आधी आक्रसते. म्हणूनच अर्धवट शिजलेलं मटण कच्च्यापेक्षाही चिवट लागतं. घाईच्या स्वयंपाकात मटण नेमकं याच टप्प्यावर उतरवलं जातं. आच तशीच धरून ठेवली तर वेणीचे पेड सुटतात, पाण्यात मिसळतात, आणि रस्सा गार झाला की थरथरतो. म्हाताऱ्या जनावरात मात्र पेडापेडांमध्ये वयाबरोबर पक्क्या गाठी बसलेल्या असतात. त्या सुटायला वेळ लागतो, काही सुटतही नाहीत. पाट म्हणून म्हातारी शेळी गळ्यात मारणाऱ्याला वाटतं कातडं सोलल्यावर वय कळत नाही. कुकरला कळतं. कच्च्या पपईची फोड वाटून लावली की तिच्या चिकातलं द्रव्य या पेडांना कात्री लावतं. सुपारीचं खांड टाकण्याची पद्धतही मी पाहिली आहे, टाकतेही. तिचं शास्त्र कुणाला विचारायला गेले नाही.

माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आठ-दहा घरं मिळून बोकड घ्यायची. मुलाणी चाचा येऊन कापून, सोलून द्यायचे आणि मग गोठ्याच्या पुढच्या अंगणात केळीच्या पानांवर वाटे पडायचे. हे काम थोरला मामा करायचा. आधी मांडीचे तुकडे सगळ्या ढिगांवर फिरायचे, मग बरगडी, मग मानेचं, मग काळजाचा बोटभर तुकडा, मग फोफसाचा. एक फेरी झाली की मामा उभा राहून सगळ्या ढिगांवरून नजर टाकायचा आणि इथलं एक हाड तिथे, तिथला एक पडदा इथे करायचा. ग्रिसल कुणाच्या वाट्याला किती जाईल याचा इतका न्याय मी दुसरीकडे पाहिला नाही. तरी भांडण व्हायचंच.

“आरं, ह्या वाट्यात निस्ती हाडंच हायती की.”

“मग त्यो वाटा तू घे. अळणी झ्याक हुईल.”

आणि खरंच, जाणती बाई हाडाचाच वाटा उचलायची. मसाला पडण्याआधी हळद-मीठ घालून शिजवलेल्या मटणाचं जे पाणी, ते अळणी. पहिल्यांदा पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या वाटीत ते जायचं. नुसत्या मांडीच्या मटणाची अळणी पातळ, ओठाला न लागणारी. हाडं, शिरा, पडदे असले की ती अंगाला आलेली असायची. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्शाची सगळी बैठक या अळणीवर आहे. वर नारळाचं दूध, खसखस काय वाटेल ते घाला, खाली अळणी कमजोर असेल तर रस्सा बसत नाही.

मुंडी आणि पाय वाट्यात नसायचे, ते ज्याच्या पाळीचे त्याला. पाय आले की घरातला एक माणूस दिवसभरासाठी बाद झाला असं समजायचं. जाळावर धरून केस होरपळायचे, वासाने अंगण भरून जायचं, मग सुरीने खरवडून, खुरांची टोपणं काढून, धुऊन, सांध्यावर तोडायचे. रात्री चुलीवर चढवलेलं पातेलं पहाटे उतरायचं. आजीचे दात गेले होते. मामी तिला मांडीचं मऊ मटण निवडून वाढायची आणि ती ते परत करायची. मांडीचे धागे हिरड्यांमध्ये अडकतात, गिळताना घशाशी फिरतात. ती पाया मागायची. दुकानातलं सगळ्यात चिवट अंग रात्रभराच्या आचेने इतकं उतरलेलं असायचं की त्याला दातांची गरजच नसायची. ओठाला ओठ चिकटायचे. आजी ते वेगळे करताना बारीक ‘टप्’ असा आवाज काढायची, आम्हा पोरांना हसवायला, दर वेळी.

मुंबईत भेंडी बाजाराच्या बोहरी मोहल्ल्यातली पहाटेची गर्दी पाहिली की तीच रात्रभराची आच दिसते, फक्त पातेल्यांच्या ठिकाणी जमिनीत बसवलेल्या हंड्या असतात. त्यांतून निघते ती निहारी, आणि या नावातच सकाळ आहे. रात्र सगळी तिच्याआधी खर्च झालेली.

कोकणात हा सगळा खटाटोपच लागत नाही, कारण तिथल्या समुद्रात एक जात बर्कच्या अमेरिकेसारखी आहे, फक्त ती कधी हाडावर येतच नाही. मोरी किंवा मुशी, म्हणजे लहान शार्क, आणि पाकट, वाघळी ही तिची चपटी भावंडं. यांच्या अंगात हाड नाही, जन्मभर कूर्चाच. मालवणकडे मोरीच्या रश्शाला मोरीचं मटण म्हणतात ते उगाच नाही. मोठाले तुकडे, वाटपाचा दाट रस, आणि तुकड्याच्या मधोमध पांढरट मणका. तो बांगड्याच्या काट्यासारखा काढून टाकायचा नसतो, दाढेखाली धरायचा असतो. आधी जरा कुरकुरतो, मग फुटतो आणि आतून रस सुटतो. काट्याची भीती नसल्याने लहान मुलांना निर्धास्त देता येतो. बाळंतिणीला मुशी खाऊ घालतात, दूध येतं म्हणून. माझ्या घाटावरच्या सासूबाईंनी पाकट पहिल्यांदा खाल्लं तेव्हा प्रत्येक घास तपासून पाहिला होता. हाड कुठे आहे ते न सापडल्यामुळे त्यांचा मासेवालीवरचा संशय वाढला.

पायाच्या सुपाने मोडलेलं हाड लवकर सांधतं, ही समजूत घाटावर आणि कोकणात सारखीच आहे. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात सरकारी पातळीवर याच्याच जवळपासचा प्रयोग झाला. दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हाडांतून जिलेटिन काढण्याची पद्धत बसवली आणि इस्पितळांत गरिबांना त्याचं सूप वाटलं जाऊ लागलं, मांसाला पर्याय म्हणून. सूप पिणाऱ्यांची कुरबुर वाढली तेव्हा समिती नेमली गेली. माजँदी या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या समितीने वर्षानुवर्षं कुत्र्यांना खाऊ घालून १८४१ मध्ये अहवाल दिला, की नुसत्या जिलेटिनवर कुत्रीसुद्धा जगत नाहीत. त्यात ट्रिप्टोफॅन हा एक घटक मुळातच नाही, हे पुढे कळलं. म्हणजे पापँचं भांडं खरं होतं, त्यातून निघणाऱ्या रश्शाची चवही खरी होती, पण जेवण म्हणून ते एकटं उभं राहत नव्हतं.

हल्ली तेच जिलेटिन आणखी बारीक होऊन ‘कोलॅजेन’ या नावाने चकचकीत डब्यांतून येतं. कातडी तुकतुकीत राहावी, सांधे धरू नयेत म्हणून ते पाण्यात ढवळून प्यायचं. आमच्या सोसायटीत कांदासुद्धा न खाणाऱ्या एका घरात मी तो डबा पाहिला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘बोव्हाइन’ लिहिलेलं होतं. मी काही बोलले नाही. कॅप्सूलचं कवच कशाचं असतं हेही मी कुणाला आपणहून सांगत नाही. खाटीक ज्या शिरा आणि पडदे वजनात धरले म्हणून शिव्या खातो, त्यांचीच ही भुकटी, आणि तिचा किलोचा भाव विचारला तर मटण फुकट वाटावं.

मला त्या डब्याचा सल्ला मिळाला तो गुडघ्यांमुळे. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या फळीवर लावला आणि मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधल्या काळ्या फटीवर पेन ठेवलं. “इथे गादी असते,” ते म्हणाले. मला तिथे काहीच दिसत नव्हतं. कूर्चा एक्स-रेमध्ये उमटतच नाही. दोन पांढऱ्या हाडांच्या मधली रिकामी जागा किती उरली आहे त्यावरून तिचा अंदाज करायचा. डाव्या गुडघ्यात फट सरळ होती, उजव्यात एका बाजूला ती बुजत आली होती. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती झिजली की भरून येत नाही. तिच्यात मज्जातंतू नाहीत, म्हणून झिजताना कळवतही नाही. दुखायला लागतं ते शेजाऱ्यांना. विल्यम हंटरने रॉयल सोसायटीपुढे १७४३ मध्ये निबंध वाचला होता, की सांध्याची कूर्चा एकदा गेली की परत येत नाही, आणि हे जुन्या वैद्यांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. जिथे त्याच्या साठ वर्षं आधी पापँने मेंढीची हाडं मऊ करून दाखवली होती तीच ही सोसायटी. डॉक्टर मला जिने कमी करा म्हणाले. तेवढं मी करते.

या सगळ्यात एक चीज अशी आहे की जिच्यापुढे ना आजीची रात्रभराची चूल चालते ना पापँचं भांडं. बोकडाच्या मानेत, मागच्या बाजूने, डोक्यापासून खांद्यांपर्यंत एक पिवळसर पट्टी जाते. चरताना मान खाली-वर करायला तिचा आधार असतो. ती कोलॅजेनची नाही, इलॅस्टिनची. उकळून ती विरघळत नाही. चार तासांनंतरही ती ताणली तर ताणते आणि सोडली की पुन्हा जागेवर येते. ‘ग्रिसल’मध्ये जो तिरस्कार आहे तो कुणावर खर्च करायचाच असेल तर या पट्टीवर करावा, बाकीच्यांना माफ करावं. इंग्लंडात खाटीक तिला ‘पॅडीवॅक’ म्हणतात आणि ती वाळवून, पाकिटात घालून कुत्र्यांना चघळायला विकली जाते. आमच्याकडचा खाटीक पाकिटाच्या भानगडीत पडत नाही. मान तोडायला घेतली की सुरीच्या टोकाने ती पट्टी सोडवतो, एका झटक्यात ओढून काढतो आणि न बघता खांद्यावरून मागे टाकतो. मागे दोन कुत्री असतात. पट्टी बहुतेक वेळा एकाच्या तोंडात एक टोक आणि दुसऱ्याच्या तोंडात दुसरं, अशी ताणली जाते, आणि तुटत नाही म्हटल्यावर दोघंही ती तशीच धरून गुरगुरत बसतात. तोवर मागचं गिऱ्हाईक ओरडतं, “अहो, माझं कुरकुरीत टाकलं का?”